घाटमाथा, बागायत आणि शेजारची राष्ट्रे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



‘आरोग्य’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. साखर किती खावी, पहाटे किती चालावे, रक्तदाब केव्हा तपासून घ्यावा, हे आम्ही सांगू अशी कित्येकांची अपेक्षा असेल. ते सांगणारे डॉक्टर आपल्या ज्ञातीत आता पुष्कळ झाले आहेत आणि त्यांचे कोणी ऐकत नाही, हेही आम्ही पाहतो. म्हणून आज आम्ही निराळाच प्रश्न घेतला आहे. माणूस आजारी का पडतो, याचे उत्तर त्याच्या शरीरात जितके असते तितकेच त्याच्या घरात, शेतात, मजुरीत आणि गावच्या रस्त्यात असते. हे पुस्तकी मत नव्हे. आपल्या जुन्नर-आंबेगावात डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्यास ते रोज दिसते.

जुन्नरचा वैद्यकाशी संबंध जुना आहे. सन १६७५ मध्ये येथील मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून इंग्रजांचा जॉन फ्रायर नावाचा वैद्य मुंबईहून घाट चढून जुन्नरास आला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. सुभेदाराच्या घरच्यांसाठी समुद्राकाठचा वैद्य सह्याद्री ओलांडून येऊ शकत होता. घाटातल्या रयतेसाठी मात्र कोणी येणार नव्हते. सुभेदार गेला, मोगलाई गेली, इंग्रजही गेला. वैद्य कोणासाठी घाट चढतो हा प्रश्न मात्र पुरता सुटलेला नाही.

नकाशावर या दोन तालुक्यांची सीमा पूर्वपश्चिम आहे. जुन्नर वर, आंबेगाव खाली. पण खरी सीमा उत्तरदक्षिण जाते. तिच्या पश्चिमेस आहुपे, तिरपाड, इंगळूण, हातवीज ही गावे आहेत. तेथे मुसळधार पाऊस, भात, नाचणी, वरई, हिरड्याची झाडे आणि महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांची वस्ती. पूर्वेस नारायणगाव, ओतूर, आळे, मंचर, पारगाव. तेथे ऊस, कांदा, टोमॅटो, द्राक्षे, सहकारी साखर कारखाने आणि आपल्यापैकी बहुतेकांची मळ्यातली घरे. एस.टी.ने दोन-तीन तासांचे अंतर. पण एका बाजूस बाळंतीण अंगात रक्त नाही म्हणून दगावण्याची भीती, तर दुसऱ्या बाजूस चाळिशीतच मधुमेह. दोन राष्ट्रांच्या आरोग्यात असावा तेवढा हा फरक आहे, म्हणूनच आज आम्ही शेजारच्या राष्ट्रांच्या गोष्टीही आपल्यापुढे ठेवणार आहोत.

आधी पाण्याचे पाहू. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचे पाणी पश्चिमेच्या पावसाचे आहे; भिजते ती पूर्वेची जमीन. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्यास नाव मिळाले, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. आता तालुक्याचे ठाणे घोडेगाव आणि नावाचा धनी जलाशयाच्या तळाशी! त्या जलाशयास हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. ते याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. नाव योग्यच दिले. पण नदीकाठच्या ज्या भातखाचरांवर माणसे वर्षभर जेवत, ती खाचरे बुडाली आणि उरली ती वरची डोंगरउतरणीची जमीन. तांदूळ घरचा होता तो बाजारचा झाला, म्हणजे ताटात कमी झाला. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साह्याने तेथील आदिवासींनी उतारावर नवी खाचरे बांधली, उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसली, जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. २०१२ साली या कामास संयुक्त राष्ट्रांचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. यात दवाखाना कोठेच नाही, हे ध्यानी घ्यावे. भात आणि मासे हेच येथले औषध होते.

औषधावरून हिरड्याची आठवण होते. त्रिफळ्यातले एक फळ पुरविणारा हा घाटमाथा. चैत्र-वैशाखात माणसे झाडावर चढतात, फांदी मोडली तर हातपाय मोडून घेतात, आणि फळ सुकवून मिळेल त्या भावाने विकतात. आपल्या घरी पोट साफ राहावे म्हणून जे चूर्ण आपण घेतो, त्यामागे कोणाचे पोट रिकामे आहे हे डबीवर छापलेले नसते.

हिरडा संपला आणि भाताची कामे उरकली की ही माणसे पूर्वेस उतरतात. नारायणगावच्या बाजारात पहाटे मजूर उभे राहतात आणि आपण गाडी घेऊन त्यांस आणावयास जातो. कांदाकाढणी, द्राक्षांची छाटणी, टोमॅटोची तोडणी या माणसांवाचून होत नाही. त्यांत अंगावर पिणारे मूल घेऊन आलेली आई असते. तिचे नाव गावाकडच्या अंगणवाडीत; ती आणि मूल आपल्या बांधावर. लस टोचणारी परिचारिका तिच्या गावी जाते तेव्हा घर बंद असते. मग सरकारी कागदावर ते मूल ‘अनुपस्थित’ ठरते. अनुपस्थित ते कोठून आहे, आणि उपस्थित कोठे आहे, हे आपल्यावाचून कोणास ठाऊक?

आता सर्पदंशाचे घेऊ. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही आपल्याकडे आहेत. साप जात पाहून चावत नाही असे आपण म्हणतो, परंतु ते तितकेसे खरे नाही. जो अनवाणी भात लावतो, जो जमिनीवर निजतो, ज्याला विजेचे भारनियमन रात्री उसाला पाणी द्यावयास लावते, त्याच्याच वाट्याला साप अधिक येतो. (बिबट्याचेही तेच. ऊस आला आणि उसाबरोबर तो आला. माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्र आहे. रात्री बॅटरी घेऊन बांधावर जाणाऱ्या माणसास मात्र निवारा नाही.) भारतात २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी सुमारे ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ऑस्ट्रेलियात याहून जहाल विषाचे साप असूनही तेथे वर्षाकाठी मोजकी दोन-चार माणसे मरतात. फरक विषात नाही. पायांतल्या बुटांत, निजावयाच्या पलंगात आणि दवाखान्याच्या अंतरात आहे.

नेपाळ आपल्याहून गरीब. पण त्याच्या पूर्व तराईत दमक या गावी एक साधी युक्ती झाली. गावोगावच्या मोटारसायकलवाल्या तरुणांनी सर्पदंश झालेल्यास मध्ये बसवून, मागे एकाने धरून, थेट उपचारकेंद्रात पोहोचवावयाचे. त्या गावांतील सर्पदंशाचे मृत्यू कितीतरी घटले. आपल्या पूर्व भागात मोटारसायकल नाही असे घर दाखवावे! मग घोणस चावलेला मजूर मांत्रिकाकडे का जातो? मालकाच्या गाडीपेक्षा मांत्रिक त्यास जवळचा वाटतो म्हणून.

बांगलादेशाचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. १९७१ च्या युद्धकाळात सीमेलगत बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते नातेवाइकांकरवी रुग्णांस पाजविले. शेकडा तीसच्या घरातील मृत्यू शेकडा चारच्याही खाली आले. पुढे १९८० पासून दहा वर्षांत ‘ब्रॅक’ या संस्थेच्या बायकांनी बांगलादेशात एक कोटीहून अधिक घरी जाऊन चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मापाचे पाणी हे प्रमाण आयांस शिकविले. त्यांत खुबी अशी की, शिकविणारीचा मेहनताना आईच्या लक्षात किती राहिले त्यावर ठरे! आपल्याकडे व्याख्यात्यांना या नियमाने मानधन दिले तर आज आम्हांस घरचा गूळ विकावा लागेल. विनोद सोडा, पण जो देश १९७१ साली भुकेला आणि उद्ध्वस्त होता, त्याने पुढे बालमृत्यू रोखण्यात कित्येक वर्षे भारतास मागे टाकले, आणि तेही आपल्याहून कमी उत्पन्नात. बायकांच्या हाती थोडा पैसा आला, मुली शाळेत टिकल्या, घरोघरी संडास झाले. मोठी इस्पितळे नंतर आली.

श्रीलंकेने हा मार्ग त्याही आधी धरला. १९३१ साली तेथे स्त्रीपुरुषांस मताधिकार मिळाला, १९४५ पासून शिक्षण मोफत झाले आणि गावोगाव सरकारी सुईणी नेमल्या गेल्या. शिकलेली मुलगी उशिरा लग्न करते, थोडी मुले होऊ देते आणि ताप आलेल्या मुलास वेळेवर दवाखान्यात नेते. एवढ्या बळावर त्या बेटाने मातामृत्यू लाखी तीस-पस्तीसपर्यंत आणले. आता घरचे पाहू. २०१८-२० मध्ये भारतात लाख बाळंतपणांमागे ९७ माता गेल्या, महाराष्ट्रात ३३. म्हणजे महाराष्ट्राने श्रीलंका गाठली, असे म्हणून आपण टाळ्या पिटू शकतो. पण सरासरी ही मोठी लबाड वस्तू आहे. पुण्याच्या इस्पितळातील बाळंतपण आणि पावसाळ्यात रस्ता वाहून गेलेल्या घाटवाडीतील बाळंतपण ती एकाच पारड्यात घालते. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली, आणि जगाला ते कळले ते सकाळच्या एस.टी.च्या चालकास गाव जागेवर दिसेना म्हणून. ज्या गावच्या मरणाची बातमीसुद्धा एस.टी.च्या फेरीवर अवलंबून, तेथे प्रसूतीच्या कळा कोणाच्या फेरीची वाट पाहतील?

इतका वेळ आम्ही पश्चिमेचे दुःख सांगितले, आणि सभागृहात थोडे समाधानही दिसले, की हे आपले नव्हे. म्हणून आता आपले सांगतो. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४. ही घट घाटावरच्या झोपडीत झालेली नाही. गडचिरोली, नंदुरबार अशा आदिवासी जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याहून बरे राहिले. घसरले ते ऊस आणि सोनोग्राफी जेथे एकदम आली तेथे. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली झाला. कायदे झाले तरी मुली घटतच राहिल्या. आज आपल्या वधूवर मेळाव्यात दहा एकर बागाईत असलेल्या मुलास मुलगी मिळत नाही म्हणून पालक मंडळावर रागावतात. ज्या मुली वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जन्मास येऊ दिल्या नाहीत, त्या मंडळाने आणावयाच्या कोठून? गरिबी आरोग्य बिघडविते हे सर्वांस पटते. संपत्ती आली आणि मुलीचे मोल मात्र हुंड्याच्या हिशेबातच राहिले, तर तेही आरोग्य बिघडविते. आणि तो रोग आपल्या घरचा आहे.

शेवटी मंडळाच्या वैद्यकीय साह्य निधीविषयी. हा निधी आजवर हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियांस दिला गेला. ते बंद करावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याचा चौथा हिस्सा दोन कामांस काढून ठेवावा. एक म्हणजे, ज्ञातीतील मुलींचे शिक्षण पदवीपर्यंत अडू नये यासाठी शिष्यवृत्ती, आणि ती घेणाऱ्या घराने शिक्षण पुरे होईपर्यंत मुलीचे लग्न ठरवू नये ही अट. दुसरे, हंगामात आपल्या मळ्यांवर येणाऱ्या मजुरांसाठी गमबूट, मुलांच्या लसीकरणाची वर्दी जवळच्या आरोग्यकेंद्रास देण्याची व्यवस्था, आणि सर्पदंश झाल्यास धावून येतील अशा मोटारसायकलवाल्या तरुणांची गाववार यादी.

‘ज्ञातीचा पैसा ज्ञातीबाहेर का?’ हा आक्षेप कार्यकारी मंडळात एकवार घेतला गेला आहे आणि तो पुन्हा येणार. आमचे उत्तर असे की, तो पैसा ज्ञातीत आला कोठून, हे जमाखर्चाच्या वहीत आधी पाहावे. देणगीदारांची नावे जेथे छापली आहेत, तेथे कांदा काढणाऱ्यांची नावे नाहीत, इतकेच. ही सूचना आम्ही लेखी स्वरूपात चिटणीसांकडे दिली आहे. सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदकाची जागा अद्याप कोरी आहे.