रजिस्ट्रीची साक्ष, किती आणि कुठवर



17 एप्रिल 2018 रोजी पुणे पोलिसांनी दिल्लीतल्या मुनिरका भागात कार्यकर्ते रोना विल्सन यांच्या घराची झडती घेतली. कोरेगाव भीमा इथे त्या वर्षीच्या 1 जानेवारीला झालेल्या हिंसाचारानंतर पुण्यात दाखल झालेल्या गुन्ह्याचा तो तपास होता. लॅपटॉप जप्त झाला आणि त्यावर सापडलेली पत्रे आरोपपत्राचा मोठा आधार ठरली. पुढे बचाव पक्षाने डिस्कची प्रत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेला तपासायला दिली. फेब्रुवारी 2021 मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालाचे म्हणणे असे: 13 जून 2016 रोजी ईमेलमार्गे नेटवायर हे मालवेअर या लॅपटॉपमध्ये शिरले, सुमारे 22 महिने तो बाहेरून हाताळला जात होता आणि दहा कळीची पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरूनच आणून ठेवली गेली. पुढे तपास हाती घेतलेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे फेटाळले. सरकारी तपासणीत मालवेअर आढळले नाही, ही तिची भूमिका. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये विल्सन यांना जामीन दिला तो प्रदीर्घ कारावास पाहून. अहवाल खरा की खोटा, याचा निवाडा त्या आदेशात नाही.

तो निवाडा या सभेनेही करायचा नाही. पण त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न थेट न्यायसहायक तज्ज्ञांच्या व्यवसायाचा आहे. माणसाने स्वतः उघडलेली फाइल संगणकात कोणत्या खुणा सोडते, आणि नुसती आणून ठेवलेल्या फाइलच्या बाबतीत त्यातल्या कोणत्या खुणा मिळत नाहीत? विंडोजवर या उत्तराचा मोठा भाग रजिस्ट्रीत, म्हणजे प्रणालीच्या आणि वापराच्या नोंदी ठेवणाऱ्या भांडारात, असतो.

रजिस्ट्री 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये लहान रूपात आली आणि विंडोज 95 पासून सगळ्या प्रणालीचा कणा झाली. सिस्टिम, सॉफ्टवेअर, सॅम, सिक्युरिटी अशा तिच्या मुख्य फायली. शिवाय प्रत्येक वापरकर्त्याची स्वतंत्र एनटीयूजर फाइल. यूएसबी पेनड्राइव्ह पहिल्यांदा लावला की सिस्टिम फाइलमध्ये त्याची कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक नोंदला जातो. त्या अनुक्रमांकाचे दुसरे अक्षर ‘अँड’चे चिन्ह असेल, तर तो क्रमांक पेनड्राइव्हचा नसून विंडोजने स्वतः दिलेला असतो. एवढी बारीक खूण नजरेतून सुटली तर दोन वेगळे पेनड्राइव्ह एकच समजले जातील.

एनटीयूजर फाइलमध्ये याहून जास्त ऐवज असतो. कोणता प्रोग्राम किती वेळा चालवला, कोणते दस्तऐवज नुकतेच उघडले, हे तिथे कळते. शेलबॅग्ज नावाच्या नोंदी तर फोल्डर पुसून टाकल्यावरही तो कधीकाळी उघडला गेला होता, हे सांगतात. वर्डच्या नोंदी आवृत्तीच्या क्रमांकाखाली बसतात: 2007 साठी 12, 2010 साठी 14, 2013 साठी 15. आर्सेनलच्या अहवालातला एक मुद्दा इथे आठवावा. काही पत्रे वर्डच्या अशा नव्या आवृत्तीत साठवलेली होती, जी त्या लॅपटॉपवर नव्हतीच, आणि ती दहा पत्रे त्या संगणकावर कुणी रीतसर उघडल्याचाही पुरावा मिळाला नाही, असे त्यात म्हटले आहे. हा दावा प्रयोगशाळेत तपासता येतो, पुन्हा पुन्हा तपासता येतो. मूळ डिस्कची प्रत हाती असली पाहिजे, एवढीच अट.

नेटवायरही रजिस्ट्रीत आपल्या नावाची नोंद करते आणि तिच्यात बसवल्याची तारीखही ठेवते, हे अनेक विश्लेषणांत दिसले आहे. पण ती नोंद सापडली नाही म्हणून मालवेअर नव्हतेच, असे कुणी लिहू नये. नोंद पुसता येते. पुसलेल्या नोंदीची जागा लगेच भरतेच असे नाही, म्हणून तिचे अवशेष मिळतात. शिवाय व्यवहाराच्या लॉग फायलींत मुख्य फाइलमध्ये अजून न उतरलेले बदल राहतात. या दोन्ही जागा न पाहता दिलेला नकार अपुरा आहे.

वेळेचा घोळ सर्वांत धोक्याचा. रजिस्ट्रीत प्रत्येक ‘की’ला शेवटच्या बदलाची वेळ असते, तिच्या आतल्या एकेका मूल्याला नसते. तलाठ्याच्या फेरफारात जुनी नोंद वाचता येते, इथे मात्र नव्या वेळेखाली जुनी गडप होते. एका कीखाली दहा मूल्ये असतील आणि एकच बदलले असेल, तर ते कोणते, हे त्या वेळेवरून कळत नाही. शिवाय ती वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. 17 मार्चची 19:10 म्हणजे दिल्लीत 18 मार्चच्या मध्यरात्रीनंतरचे 12:40. साडेपाच तास मिळवायचे राहिले तर तारीखच बदलते, आणि आरोपी त्या वेळी कुठे होता हा सगळा युक्तिवाद कोलमडतो. यंत्राचे घड्याळ कुणी मागेपुढे केले होते का, हे इव्हेंट लॉगशी ताडून पाहणेही तितकेच आवश्यक आहे.

आणि सगळे ताडून झाले, तरी कळफलकावर बोटे कोणाची होती हे रजिस्ट्री सांगत नाही. ती खाते सांगते, माणूस सांगत नाही. ‘आरोपीने फाइल उघडली’ आणि ‘आरोपीच्या नावाच्या खात्यातून फाइल उघडली गेली’ या दोन वाक्यांमधल्या अंतरात एखाद्याची सहा-सात वर्षे तुरुंगात जाऊ शकतात. दुसरे वाक्य लिहिणे हे तज्ज्ञाचे काम. पहिले सिद्ध करणे अभियोग पक्षाचे.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या बाबतीत कायदा हळूहळू कडक होतो आहे. जालना मतदारसंघाच्या 2014 मधल्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये इलेक्ट्रॉनिक प्रतीसाठी जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 65 ब चे प्रमाणपत्र सक्तीचे ठरवले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मधल्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे प्रतीच्या मजकुराचा गणिती ठसा, लिहावे लागते आणि तज्ज्ञाचीही सही लागते. तरतूद चांगली आहे. पण प्रयोगशाळेत काढलेले हॅश मूल्य जप्तीनंतरच्या प्रवासाची हमी देत नाही. ते जप्तीच्या जागीच, पंचांसमोर काढले आणि त्याची प्रत आरोपीला दिली, तरच मधल्या काळाबद्दल शंका उरत नाही.

म्हणून दिल्लीतल्या रोहिणी, लोधी रोड आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना विनंती आहे. अहवालात रजिस्ट्रीच्या कोणत्या फायली पाहिल्या, लॉग जोडून पाहिले की नाही, वेळ कोणत्या प्रमाणवेळेत दिली आणि काय शोधूनही सापडले नाही, हे चारही लिहावे. आरोपीच्या बाजूची नोंद मिळाली तर तीही त्याच पानावर, तितक्याच ठळकपणे यावी. आणि डिस्कची प्रत बचाव पक्षाला आरोपपत्राबरोबरच मिळावी, असा ठराव या परिषदेने करावा.