पूलचें टेबल : घरीं आणि क्रीडागृहांत

जिमखान्यांतून हिरव्या बनातीचें जें बारा फुटी टेबल दिसतें, तें इंग्रजी बिलियर्डचें. १८७५ सालीं जबलपुरास लष्करी अधिकाऱ्यांनीं तसल्याच टेबलावर स्नूकरचा खेळ काढला. अमेरिकेंत जो पूल खेळतात, त्याचें टेबल मात्र निराळें : सात, आठ किंवा नऊ फूट लांबीचें, सहा खळग्यांचें. तें विकत घेतांना पुष्कळ लोक छाप पाहतात आणि पायांवरील नक्षीवर भाळतात. परंतु नऊ फुटी टेबलाची दगडी पाटीच पांचसहाशें पौंड भरते. एकदां दिवाणखान्यांत आलेली ही वस्तु न पटली म्हणून दुकानीं परत करतां येत नाहीं.

तेव्हां पहिला प्रश्न छापाचा नव्हे, खोलीचा. खेळावयाची काठी ५८ इंच लांब असते आणि टेबलाच्या चारी अंगांस तेवढी मोकळी जागा लागते. नऊ फुटी टेबलाचें खेळावयाचें क्षेत्र १०० इंच लांब व ५० इंच रुंद. त्यास १८ फूट लांब आणि जवळजवळ १४ फूट रुंद खोली हवी. आठ फुटीस १७ फूट व सव्वातेराहून किंचित् अधिक. म्हणजे टेबल धाकटें घेतल्यानें खोलींत अवघा फूटभर लाभ होतो! सात फुटीसही सोळा फुटांहून कमी चालत नाहीं. आपल्याकडील शहरी घरांत एवढी खोली क्वचितच सांपडते. मग आंखूड काठी आणून भिंतीशीं झटापट सुरू होते. त्यापेक्षां क्रीडागृहांत तासाचे पैसे मोजून खेळणें बरें.

खोली पुरत असेल तर बनातीखालीं काय आहे, तें विचारावें. लंडनच्या जॉन थर्स्टननें गेल्या शतकाच्याही मागच्या शतकांत, १८२०-३० च्या दरम्यान, लांकडाऐवजीं पाटीचा दगड वापरण्यास आरंभ केला, आणि अजून त्यास तोड निघालेली नाहीं. स्वस्त टेबलांत दाबलेल्या भुशाच्या फळ्या घालतात. त्यांना ओल लागली कीं त्या फुगतात. मग चेंडू आपल्या मनास येईल तिकडे वळतो आणि शिकणाऱ्या मुलास वाटतें, आपलाच हात वांकडा! स्पर्धेच्या टेबलास एक इंच जाडीची पाटी आवश्यक मानतात. दुसरी गोष्ट रबरी कडेची. तिचें टोंक चेंडूच्या व्यासाच्या सुमारें ६३.५ टक्के उंचीवर असावें. खालीं आलें तर जोराचा चेंडू उसळतो. वर गेलें तर रबर चेंडूस दाबून त्याचा वेग खातें.

आतां छाप. ब्रन्स्विक हें घराणें १८४५ सालीं सिनसिनाटींत निघालें. त्यांचें ‘गोल्ड क्राउन’ टेबल १९६१ मध्यें आलें. त्याच वर्षीं ‘द हसलर’ हा बोलपट निघाला आणि अमेरिकेंतील क्रीडागृहांत गर्दी लोटली. या टेबलाचा मोठा गुण असा कीं, दुरुस्त करणारे कारागीर तें पुरतें ओळखतात. इंडियानांतील डायमंड १९८७ चें, म्हणजे वयानें लहान. परंतु मोठमोठ्या स्पर्धा त्यावर होतात. त्याचे कोंपऱ्यांतील खळगे साडेचार इंच रुंद, म्हणजे बरोबर दोन चेंडूंएवढे. किंचित् चुकलेला फटका तें पदरांत घेत नाहीं. तयार खेळाडूस ही शिस्त मानवते. नवखा मात्र तासभर एकही चेंडू न पडल्यामुळें पुन्हा येत नाहीं. म्हणून क्रीडागृहाच्या चालकानें बहुतेक टेबलें गोल्ड क्राउनचीं ठेवून एकदोन डायमंड जाणत्यांसाठीं मांडावीं, हेंच शहाणपणाचें. मद्यगृहांतील नाणें टाकून खेळावयाचें सात फुटी व्हॅली टेबल आपल्या जागीं ठीक. घरीं त्याचें प्रयोजन नाहीं.

घरासाठीं ओलहाउसेनचा विचार अवश्य करावा. ही मंडळी १९७२ पासून या धंद्यांत आहेत. त्यांचें रबर चपळ आणि त्यावर कायमची हमी. कांहीं कसलेल्या खेळाडूंस तें अंमळ जास्तच उसळतें असें वाटतें, परंतु कुटुंबांतल्या खेळास तें गोडच लागतें. आणि पैसा बेताचा असल्यास, नव्या भुशाच्या टेबलापेक्षां जुनें गोल्ड क्राउन शतपटीनें चांगलें. बनात फाटली असल्यास बदलतां येते, रबरही बदलतां येतें. पाटीस तडा मात्र नसावा.

जुनें घेतलें तर वाचलेल्या पैशांतून चांगला कारागीर बोलवावा. मोठ्या टेबलाची पाटी बहुधा तीन तुकड्यांची असते. ते तुकडे एका पातळींत बसवून सांध्यांत मधमाशांचें मेण भरतात व मग बनात ताणतात. ती ताणली जाण्यापूर्वीं घरधन्यानें जवळ उभें राहून तिन्ही तुकड्यांवर पाणसळ ठेवून पाहावी.