वारीतलं जेवण आणि एकादशी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यातील भाषण)

 

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. सगळ्यांनी जुन्या आठवणी सांगितल्या. आम्ही मात्र पोटाविषयी बोलणार आहोत. हसू नका. पाय थकून वारी सोडलेले आम्ही थोडे बघितले, पोट बिघडून माघारी गेलेले पुष्कळ बघितले.

आमच्या वडिलांच्या वेळी फडक्यात भाकरी, चटणी, शेंगदाणे अन् गुळाचा खडा असायचा. आता वाटेत अन्नदानाला तोटा नाही. आळंदी सोडली की पुण्यापर्यंत कोणी केळी देतो, कोणी लाडू, कोणी चहा-बिस्किटं. देणाऱ्याचा हात मागं लोटू नये, हे खरं. पण घेतलेलं सगळं तिथंच तोंडात टाकावं असं कुठं आहे? कणभर खावं, कपाळाला लावावं, बाकीचं पिशवीत ठेवावं. मागं कोणी भुकेलेला भेटतोच.

आता एकादशीचं. पुण्यातून पालखी निघते तो दिवस बहुतेक एकादशीचा. त्याच दिवशी दिवे घाट चढून सासवड गाठायचं. लांबची मजल, वर चढण. काही वर्षांमागं आदल्या रात्री आम्ही कीर्तनात जोरात सांगितलं, जो पाण्याचा थेंबही घेत नाही त्याचीच एकादशी खरी. समोर आपल्यातलेच एक टाळकरी बसले होते. त्यांना साखरेचा आजार. त्यांनी आमचा शब्द मनावर घेतला. सकाळी गोळी तेवढी घेतली अन् उपाशीपोटी चालू लागले.

अर्ध्या घाटात त्यांच्या हातातले टाळ गळाले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं भलतंच. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. पथकातल्या डॉक्टरीणबाई धावत आल्या. म्हणाल्या, साखर एकदम उतरली आहे. शुद्धीवर होते म्हणून साखरपाणी पाजलं. थोड्या वेळात माणूस ओळखू लागला. मग बाईंनी विचारलं, "यांना उपाशी चालायला कुणी सांगितलं?"

आम्ही मान खाली घातली. त्या माउलीनंही आमचं नाव घेतलं नाही. आज सगळ्यांसमोर सांगतो, चूक आमची होती. व्यासपीठावरून बोललेला शब्द कुणाच्या तरी पोटापर्यंत जातो, हे आम्हाला त्या घाटात कळलं.

तेव्हापासून आम्ही कीर्तनात एवढं सांगतो. साखरेचा, रक्तदाबाचा आजार असेल त्यानं वारीला निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं, उपासाच्या दिवशी गोळी किती अन् कधी घ्यायची. आपल्या मनानं गोळी बंद करू नये, अन् गोळी घेऊन उपाशीही राहू नये. खिशात साखरेची पुडी ठेवावी, शेजारच्या टाळकऱ्याला आपला आजार सांगून ठेवावा. मात्र माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काही ओतू नका, डॉक्टरला हाक मारा. औषधानं अन् पाण्यानं एकादशी मोडत नाही.

दुसरीकडं 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हणही आपलीच आहे. सकाळी खिचडी, दुपारी तळलेले वडे, रात्री रताळ्याचा गोड कीस! साबुदाणा म्हणजे कंदाचं नुसतं पिठूळ सत्त्व. त्यानं पोट भरतं, पण साखरही चढते. त्यापेक्षा थोडी भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, काकडी, ताक घ्यावं. भगरीचं उघड्यावरचं जुनं पीठ घेऊ नका. ओलसर पिठाला बुरशी धरते अन् विषबाधा होते. अख्खी भगर आणा, निवडा, घरी दळा. बारशीला पारणं सोडतानाही पोळ्यांवर तुटून पडू नका. रिकाम्या पोटाला आधी हलकं, बेतानं द्या.

ते टाळकरी पुढं सहा वाऱ्या चालले. एकादशीला भगर खात होते, पाणी पीत होते, अन् भजनात आमच्याहून वरच्या सुरात गात होते.

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला आठवा. वाट्याला येतो घासभर. पण तेवढ्यावर तृप्त होऊन माणूस घरची वाट धरतो. तो घास वर्षभर ध्यानात ठेवावा, एवढीच विनंती.

चुकलं-माकलं लेकराचं समजून पदरात घ्या. पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!