शेजारच्या नव्या गावाबद्दल आपल्या ग्रामसभेनं काय ठरवलं

(तळोदा तालुक्यातल्या मेळाव्यात एका तरुण कार्यकर्त्यानं केलेलं भाषण. गावोगावच्या बैठकीत वाचून दाखवावं.)



आपल्या गावाच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून, सरदार सरोवराच्या बुडितातल्या लोकांसाठी नवीन गाव बसवायचं सरकारनं काढलं आहे. त्याबद्दल ग्रामपंचायतीला पत्र आलं आणि आपल्या ग्रामसभेनं त्यावर ठराव केला. आता बाजारात भेटेल तो विचारतो, "तुमच्या गावानं हो म्हटलं का नाही?" कोणी म्हणतं, हे नर्मदेच्या लोकांच्या विरुद्ध गेले. कोणी म्हणतं, हे सरकारला फितले. दोन्ही खोटं आहे. ठरावात काय लिहिलं आणि का लिहिलं, तेवढंच सांगायला मी उभा आहे.

आधी हे बघा, येणारी माणसं कोण आहेत. महाराष्ट्रातली 33 गावं या धरणात गेली. सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यातली, भिल-पावरा लोकांची. आपल्या मुली तिकडे दिल्यात, तिकडच्या मुली आपल्याकडे आल्यात. याहा मोगीच्या जत्रेला तेही जातात, आपणही जातो. त्यांनी धरण मागितलं नव्हतं. धरणाच्या विजेतला 27 टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे म्हणतात, पण ज्यांचं घर बुडतं त्यांच्या घरात दिवा लागेल असं कोणी लिहून दिलेलं नाही. म्हणून आपलं भांडण या माणसांशी नाही. हे ठरावाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.

मग भांडण कशाबद्दल आहे? जमिनीबद्दल.

1990 साली केंद्र सरकारनं तळोद्याचं 2,700 हेक्टर जंगल पुनर्वसनासाठी मोकळं केलं. पुढं आणखी 1,500 हेक्टर दिलं. एकूण 4,200 हेक्टर झालं. नकाशावर हे सगळं रान रिकामं दिसतं. पण तिथं माणूस खेडतोय. कोणाचा आजा खेडत होता, कोणाचा बाप. तिथं ज्वारी होते, तूर होते. बाया मोहफुलं वेचतात, ढोरं चरतात. डिसेंबर 1978 मध्ये राज्य सरकारनंच निर्णय काढला होता की 31 मार्च 1978 पर्यंतची अतिक्रमणं कायम करायची. किती जणांची झाली? ज्याला कागद वाचता आला, ज्याला तालुक्याला चार चकरा मारता आल्या, त्याची झाली. बाकीच्यांकडे फक्त दंडाच्या पावत्या आहेत. पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, काहींच्या उंदरानं खाल्ल्या. पण त्या पावतीवर साल आहे, नाव आहे. "तू इथं बेकायदेशीर नांगरतोस" असं सरकारनं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. म्हणजे आम्ही तिथं होतो याचा पुरावा सरकारनंच दिला. मग आज तीच जमीन रिकामी कशी?

सरकार काय करतंय ते समजून घ्या. एका आदिवासीला बुडवायचं, दुसऱ्याला उठवायचं, आणि दुसऱ्याच्या जागी पहिल्याला बसवायचं. मग दोघं बांधावर काठ्या घेऊन उभे राहिले की सांगायचं, आदिवासीच आदिवासीला नको म्हणतो, आम्ही काय करणार!

आता पत्राचं सांगतो. पत्रात ग्रामपंचायतीचा 'ना हरकत दाखला' मागितला होता, तोही आठ दिवसांत. एका साहेबानं सांगितलं, मासिक सभेत सह्या करून द्या, ग्रामसभेची गरज नाही. आपल्या बायांनीच ते अडवलं. म्हणाल्या, सरपाण आम्ही आणतो, पाणी आम्ही भरतो, आम्हाला न विचारता हरकत नाही असं कसं लिहिता? मग दवंडी दिली आणि ग्रामसभा बोलावली.

बायांचं म्हणणं कायद्यालाही धरून आहे. 1996 चा पेसा कायदा आहे, अनुसूचित क्षेत्रासाठीचा. त्यात स्पष्ट लिहिलंय की प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी आणि प्रकल्पग्रस्तांना अनुसूचित क्षेत्रात वसवण्याआधीसुद्धा ग्रामसभेशी किंवा योग्य त्या पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. हा दुसरा भाग पुष्कळांना माहीत नसतो. ज्याची जमीन जाते त्यालाच विचारायचं असं नाही, ज्याच्या शेजारी गाव बसणार त्यालाही विचारायचं. पण एक लक्षात ठेवा. कायद्यात 'सल्लामसलत' आहे, 'संमती' नाही. आपण नुसतं "नाही" लिहिलं तर ते म्हणतील, सल्ला घेतला, फाइल पुढं गेली. नुसतं "हो" लिहिलं तर आपल्या वहिवाटीवर आपणच माती टाकली. म्हणून उत्तर असं पाहिजे की ज्याला उत्तर दिल्याशिवाय त्यांना पुढं जाता येणार नाही.

आपण लिहिलं ते असं:

1. बुडितातल्या लोकांना जमीन मिळालीच पाहिजे. त्यांच्या पुनर्वसनाला आमचा विरोध नाही.

2. ठरलेल्या जागेवर कोण किती वर्षं खेडतंय, याची मोजणी आणि पंचनामा ग्रामसभेसमोर करावा. दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्यांची साक्ष, बांध, विहिरी, झाडं, सगळं पुराव्यात धरावं. आधी दावे, मग प्लॉट.

3. गुरं चारायची जागा, पाण्याची वाट, देवाची जागा आणि मसणवटी नकाशावर दाखवून सोडावी.

4. नवीन गाव कुठल्या ग्रामपंचायतीत जाणार, का स्वतंत्र महसुली गाव होणार, ते लेखी सांगावं. त्यांचं रेशन कुठं, मतदान कुठं, सरपण कुठल्या जंगलातलं, हे आज ठरलं नाही तर उद्या भांडण होणार.

5. नर्मदा लवादाच्या 1979 च्या निवाड्याप्रमाणे 100 कुटुंबांमागे एक प्राथमिक शाळा आणि 50 कुटुंबांमागे पिण्याच्या पाण्याची एक विहीर नव्या गावाला द्यायची आहे. ती द्यावीच. पण आमच्या पाड्यातल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन ती विहीर बघत बसणार नाहीत. दोन्ही गावांना पाणी आणि रस्ता बरोबरच द्या.

6. हे होईपर्यंत ना हरकत दाखला नाही. दिलाय असं कोणी दाखवलं तर तो ग्रामसभेला मान्य नाही.

पाचव्या मुद्द्यावर सभेत वाद झाला. काही पोरं म्हणाली, त्यांना विहीर आणि आपल्याला काही नाही, मग आपण गप्प का बसायचं? राग खरा आहे. पण त्यांची विहीर बंद पाडून आपल्याला पाणी मिळत नाही. त्यांच्या निवाड्याचा आधार घेऊन आपली विहीर मागितली, तर मिळायची शक्यता आहे.

आता, घाई कसली आहे तेही सांगतो. सुप्रीम कोर्टानं 18 ऑक्टोबर 2000 ला धरण 90 मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिली. त्यापुढची उंची पुनर्वसनाबरोबरच वाढवायची, असं निकालात आहे. म्हणून पुनर्वसन झालं असं कागदावर दिसायची सरकारला गरज पडली. आपला ना हरकत दाखला हा त्यातलाच एक कागद. तो आपण डोळे झाकून दिला तर आपली जमीन जाईल. बुडितातल्या माणसाला दाखवतील की तळोद्याला तुझा प्लॉट तयार आहे. तो इथं येईल आणि त्याच्या प्लॉटवर तुमची तूर उभी असेल.

म्हणून यापुढं चार कामं.

ठरावाची नक्कल तहसील, प्रांत, कलेक्टर आणि पुनर्वसन कार्यालयात द्यायची. शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही.

ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक पुढच्या सभेत मोठ्यानं वाचायला लावायचं. आपण बोललो एक आणि लिहिलं दुसरं, असं व्हायला नको. शाळेत शिकणारी पोरं-पोरी प्रत्येक पाड्यात आहेत, त्यांनी बाजूला बसून वाचावं.

प्रत्येक घरानं आपल्या पावत्या काढून झेरॉक्स करावी. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांनी त्यांची जमीन बघितलेल्या दोन म्हाताऱ्यांची नावं लिहून द्यावी. म्हातारं माणूस वाट बघत बसत नाही, हे काम पावसाच्या आधी करा.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. पेरणीच्या आधी आपल्यातल्या दहा जणांनी, त्यात निदान चार बाया, नदीकाठच्या गावांत जाऊन यायचं. त्यांच्या गावात बसून त्यांना आपला ठराव वाचून दाखवायचा. त्यांना कुठली जमीन दाखवलीय ते विचारायचं, आपली कुठली आहे ते सांगायचं. मोजणीच्या दिवशी त्यांची माणसं आणि आपली माणसं एकाच बाजूला उभी असली पाहिजेत. साहेब आले की टेपाचं एक टोक त्यांच्या म्हाताऱ्यानं धरावं, दुसरं आपल्या म्हाताऱ्यानं.

ज्यांना नदीवर यायचंय त्यांनी आज जायच्या आधी नाव द्या. भाकरी ज्यानं त्यानं घरून आणायची.

जिंदाबाद!