शब्दाला धनी हवा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात सीपरी बाजार, झाशी येथे केलेले भाषण)



अशा मंगल प्रसंगी भूतकाळाचे गुणगान करावे आणि वर्तमानाला दोष द्यावा, असा एक प्रघात पडून गेला आहे. मी तो पाळणार नाही. आपले मंडळ स्थापन झाले त्या काळी पुण्याशी बोलायचे म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास तिष्ठत बसावे लागे. लग्नाचा होकार आंतर्देशीय पत्राने येई आणि मृत्यूची वार्ता तारेने. ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. आज मुलगा परदेशातून रोज समोरासमोर बोलतो. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक आजी-आजोबांना नातवंडांचे दर्शन घडले ते मोबाइलच्या पडद्यावरच. परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे उपकार विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

तेव्हा माझी तक्रार वेगाविषयी नाही. ती शब्दाच्या धनीपणाविषयी आहे. पत्राच्या शेवटी नाव असे. तारेच्या फॉर्मवरही पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता लिहून द्यावा लागे. छापखाने वाढले तेव्हा १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे सक्तीचे केले. त्या कायद्यामागे परकीय सत्तेचा स्वार्थ होता, हे खरे. परंतु छापलेल्या शब्दाचा जाब कोणाला विचारायचा, हे त्यामुळे निश्चित झाले. माझे आयुष्य सरकारी कचेरीत गेले. तेथे साध्या टिपणीखालीही स्वाक्षरी आणि तारीख लागते आणि निनावी अर्जाला सहसा कोणी हात लावीत नाही. यात केवळ लालफीत नाही. बोलणाऱ्याने आपल्या बोलण्याला बांधून घ्यावे, हा त्यातील हेतू आहे.

आपल्या झाशीचेच उदाहरण घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि १८५८ च्या वेढ्याच्या वेळी या शहरात सापडले. त्यांनी जे पाहिले ते बऱ्याच वर्षांनी आठवणीने लिहून काढले आणि १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्य यांनी ते ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केले. पुढे मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहता संपादनातील फेरफार उघडकीस आले. गोडसे भटजींच्या हकिगतीत काही ठिकाणी स्मृतीने दगा दिला असेल, काही गोष्टी ऐकीव असतील. परंतु सांगणारा कोण, तो कोठे उभा होता, संपादकाने काय बदलले, हे सारे आपण तपासू शकतो. नाव असलेला शब्द चुकीचा असला तरी दुरुस्त होऊ शकतो. निनावी शब्दाला ती सोय नाही.

नव्या माध्यमांत नेमके हेच घडते. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर पुढे ढकलला की मूळ लेखकाचे नाव गळून पडते. वाचणाऱ्याला दिसते ते फक्त आपल्या भाच्याचे किंवा शेजाऱ्याचे नाव. भाच्यावर आपला विश्वास असतो, म्हणून मजकुरावरही विश्वास बसतो. भाच्याला विचारावे तर तो म्हणतो, “मी लिहिलेले नाही, मला आले ते पाठवले.” अशा रीतीने प्रत्येक जण निरोप्या होतो आणि धनी कोणीच उरत नाही.

याचे मोल काय द्यावे लागते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या सुमारास मोबाइलवरून पसरली होती. ज्यांनी ती पुढे पाठवली, त्यांतील बहुतेकांना आपण मुलांचे रक्षणच करीत आहोत असे वाटले असेल. त्यांच्या सद्‌हेतूने त्या पाच जणांचे प्राण वाचले नाहीत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण करण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी मजकूर पाठवण्यास प्रतिबंध घालण्याचे जाहीर केले. उपाय योग्यच होता. तथापि यंत्र संख्या मोजू शकते, विवेक आपणच आणायचा असतो.

म्हणून मंडळाला माझी एक नम्र सूचना आहे. आपल्या समूहात आलेला मजकूर ज्याला पुढे पाठवायचा असेल, त्याने तो कोणी लिहिला आणि आपण त्याची खातरजमा कशी केली, हे दोन ओळींत लिहावे. ते सांगता येत नसेल तर मजकूर आपल्यापाशीच थांबवावा. त्या दोन ओळी मराठीत आणि देवनागरीत लिहाव्यात. आपली मुले घरी मराठी बोलतात, पण लिहिताना रोमन अक्षरांकडे वळतात. दुसऱ्याची शंभर वाक्ये पुढे ढकलण्यापेक्षा स्वतःची दोन लिहिली तर भाषाही हाताशी राहील.

पन्नास वर्षे या मंडळात मतभेद झाले, वादही झाले. पण ते नावानिशी आणि समोरासमोर झाले, म्हणून मिटलेही. ही रीत आता आपल्याला पडद्यावरही पाळायची आहे.