प्रकल्प विकत घ्यायचा की करायचा?

(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आम्ही दोघे घाटकोपरच्या डोंगरउतारावरील मुलांना नववी-दहावीचे विज्ञान शिकवतो. आज आम्हाला जीवशास्त्रातील प्रकल्पांवर बोलण्यास सांगितले आहे. प्रकल्प म्हटला की पालकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ती का पडते हे आम्ही जाणतो. स्टेशनरीच्या दुकानात हृदय, मूत्रपिंड, पेशी, सगळे रंगवून तयार मिळते. बाप दिवसाच्या मजुरीतून पैसे काढतो, मूल वर नाव लिहिते आणि वहीत गुण पडतात. एका प्रदर्शनात अशाच एका हृदयाला पहिले बक्षीस मिळाले. रक्त कोणत्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाते असे नंतर त्या मुलाला विचारले, तर तो म्हणाला, "सर, रंग दुकानदारानेच दिलाय." त्या मुलाला आम्ही दोष देत नाही. बक्षीस देणाऱ्या परीक्षकांत आम्हीही होतो.

त्यानंतर आम्ही ठरवले की विकत आणलेली वस्तू वर्गात घ्यायची नाही. मग करायचे काय? प्रयोगशाळा म्हणावी तर एक सूक्ष्मदर्शक आणि साठ मुले. कांद्याचा पापुद्रा पाहायला रांग लावली तर शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत तास संपतो. तेव्हा आमच्या मुलांच्या घरात भरपूर आहे अशी वस्तू आम्ही शोधली. ती म्हणजे पाण्याचे पिंप. डोंगरावर पाणी ठरावीक वेळीच येते, त्यामुळे दारादारात पिंप आहे आणि पिंपात डासांच्या अळ्या आहेत.

मुलांनी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत पिंपातले पाणी अळ्यांसकट घेतले, तोंडाला मच्छरदाणीचे कापड बांधले आणि रोज संध्याकाळी जे दिसेल ते लिहिले. पहिल्या दिवशी सर्वांनी "किडे" असेच लिहिले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी "किडा वाकडा झाला, आता खात नाही" असे एकाने लिहिले. पुस्तकात ज्याला कोष म्हणतात तो हाच, हे आम्ही मागाहून सांगितले. आठवड्याभराने कापडाखाली डास बसलेला दिसला. त्याच्या काळ्या पायांवर पांढरे पट्टे होते. डेंग्यू पसरवणारा एडिस तो हाच. त्याची अळी पाण्याच्या पृष्ठभागापासून डोके खाली करून लोंबते, आणि मलेरियाच्या ॲनोफिलिसची अळी पृष्ठभागालगत आडवी राहते. हा फरक बरणीत नुसत्या डोळ्यांनी दिसतो. डास आणि मलेरियाचा संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला शोधला. तेव्हा त्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक होता, हे मात्र मुलांनी आम्हाला सुनावले.

खरी गंमत पुढे झाली. एक मुलगी म्हणाली, "आई दर रविवारी पिंप पालथे करते, तरी किडे होतातच." वर्ग हसला. आई विसरत असेल, असे आम्हीही म्हणालो. ती हट्टाला पेटली. तेव्हा दोन पिंपे घेतली. एक नुसते रिकामे करून पुन्हा भरले, दुसरे आतून काथ्याने खसाखसा घासून, विसळून मग भरले. पहिल्या खेपेस दोन्ही उघडीच राहिली, त्यामुळे अळ्या जुन्या की नव्या हे कळेना आणि आठवडा फुकट गेला. दुसऱ्या खेपेस भरल्याबरोबर दोन्हींना घट्ट कापड बांधले. काही दिवसांत न घासलेल्या पिंपात अळ्या दिसल्या, घासलेल्यात नाहीत. एका वेळेने काही सिद्ध होत नाही म्हणून आणखी दोन घरी तसेच करून पाहिले.

कारण असे की एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी राहून महिनोन् महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. हे पुस्तकात सापडते, पण त्या मुलीने ते आपल्या पिंपात पाहिले. आठवड्यातून एकदा पाणी ओतून द्या, असे सगळे सांगतात. घासण्याची गोष्ट मात्र विसरली जाते. आता त्या गल्लीत रविवारी काथ्याचा आवाज येतो.

एका मुलाने विचारले, "अळ्या मारल्या तर पंचशीलातल्या पहिल्या शीलाचे काय?" आम्ही गप्प बसलो. तीच मुलगी म्हणाली, "झाकण नीट लावलं तर मारावं कशाला लागेल?" याहून चांगले उत्तर आम्हाला अजून सुचलेले नाही.

भांडुपच्या खाडीकाठी एक फेरी झाली. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले. २०२२ साली त्याला रामसर दर्जा मिळाला. मुलांना मात्र पक्ष्यांपेक्षा तिवराचे पान आवडले. पानावर मीठ साठते. चाटून पाहिल्याशिवाय कोणी विश्वास ठेवला नाही.

काही पालक म्हणतात, हे सगळे हुशार मुलांसाठी. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हे १९७४ पासून आपल्याच मुंबईत आहे. तेथील व्ही. जी. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८० च्या दशकात महापालिका शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांबरोबर काम केले. बुद्धी कमी नसते, संधी कमी पडते आणि पुस्तकाची भाषा आडवी येते, असे त्यांना दिसले. "किडा वाकडा झाला" हे वाक्य म्हणूनच आम्ही वहीतून खोडत नाही. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांच्या मंडळातर्फे सहावी आणि नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून घेतली जाते. तिच्यात लेखी परीक्षेबरोबर प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही असतो. आपल्या वस्तीतून तिला फार थोडी मुले बसतात.

ती मुलगी या वर्षी रविवारच्या वर्गाला येईनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले की पाण्याची वेळ आणि वर्गाची वेळ एकच. पाणी भरायला घरातून तिलाच पाठवतात, भावाला नाही. आम्ही वर्ग दुपारी चारला नेला आहे. तरीही ज्या घरी अडचण असेल त्यांनी सभा संपल्यावर आम्हाला भेटावे. ज्यांच्याकडे रिकाम्या काचेच्या बरण्या असतील त्यांनी त्या कार्यालयात ठेवाव्यात. झाकण नसले तरी चालेल. जयभीम.