वस्तीचा उत्सव आणि वस्तीची सभा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



‘वस्तीतील कार्यक्रम आणि रहिवाशांचा सहभाग’ या विषयावर मी बोलावे, अशी कार्यकारिणीची सूचना आहे. विषय वरवर पाहता साधा वाटतो. जयंती, हळदीकुंकू, क्रीडास्पर्धा, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, रक्तदान शिबिर हे कार्यक्रम ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत प्रत्येक वस्तीत होतात आणि त्यांना गर्दीही होते. परंतु कार्यक्रमाला गर्दी होणे आणि कार्यक्रमात वस्ती सामील होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडप सुटल्यावर ही गर्दी कोठे जाते, एवढाच प्रश्न मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम आपला भाग कसा घडला ते पाहू. ठाणे महानगरपालिका १९८२ साली स्थापन झाली आणि कल्याण-डोंबिवलीची त्यानंतर वर्षभराने, १९८३ साली. ज्या वेगाने लोक येथे राहावयास आले, त्या वेगाने पाणी, गटारे, रस्ते आले नाहीत. कोणी कोकणातून आले, कोणी घाटावरून, कोणी मराठवाडा-खानदेशातून. परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत भावांचे संसार मावेनासे झाले म्हणूनही पुष्कळ जण आले. सकाळी लोकल पकडावयाची आणि रात्री परतावयाचे, अशा जीवनात शेजाऱ्याची ओळख दाराच्या पाटीपुरती राहते. चाळीत सार्वजनिक नळावर भांडण होत असे, पण त्याच नळावर ओळखही होत असे. फ्लॅटमध्ये नळ घरात आला आणि ओळख दाराबाहेर राहिली. अशा परक्या माणसांची एक वस्ती करावयाची असेल तर त्यांना एकत्र आणणारे निमित्त लागते. कार्यक्रम हे ते निमित्त आहे, म्हणून त्याचे मोल मी कमी लेखत नाही.

आपल्या भागाला ही परंपरा नवी नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे आहे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. शहरातील नागरिकांनी एकत्र येऊन उभ्या केलेल्या या संस्था आहेत, आणि सभासदांच्या पिढ्या त्यांना टिकवीत आल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पहिली सार्वजनिक जयंती पुण्यात १९२८ साली जनार्दन सदाशिव रणपिसे यांच्या पुढाकाराने साजरी झाली, त्या वेळी समाजाजवळ पैसाही नव्हता आणि सत्ताही नव्हती. माणसांनी माणसे गोळा केली, म्हणून आज ती देशाबाहेरही साजरी होते.

अलीकडच्या काळातील दोन उदाहरणे आपल्याच परिसरातील आहेत. डोंबिवलीत १९९९ साली श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली. पुढे ती ठाणे, गिरगाव अशी अनेक ठिकाणी पोहोचली. तिच्या धार्मिक आशयाशी आपण सहमत असू वा नसू. तिच्या बांधणीची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. शाळा, महिला मंडळे, क्रीडा संस्था, गृहनिर्माण संस्था आपापला चित्ररथ किंवा पथक घेऊन येतात. प्रत्येकाला आधी काही दिवस बसून काही तरी तयार करावे लागते. रस्त्यावर जे दिसते ते एका सकाळचे असते. त्यामागे अनेक संध्याकाळच्या बैठका असतात.

दुसरे उदाहरण ठाण्याचे. समता विचार प्रसारक संस्थेने ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून ‘वंचितांचा रंगमंच’ हा उपक्रम २०१४ च्या सुमारास सुरू केला. निरनिराळ्या लोकवस्त्यांतील मुले-मुली आपल्याच आयुष्यातील प्रश्नांवर नाटिका बसवितात आणि स्वतःच सादर करतात. वस्तीतील मुलांना मोठ्या कलावंताचा कार्यक्रम बसून पाहावयास लावणे सोपे होते. येथे त्यांच्या हाती रंगमंच दिला गेला. ज्या मुलीने शेकडो लोकांसमोर आपल्या गल्लीतील पाण्याचा प्रश्न मांडला, ती उद्या प्रभाग कार्यालयातील साहेबांसमोरही अडखळणार नाही.

बंधूंनो, या दोन्ही उदाहरणांवरून एक कसोटी मिळते. कार्यक्रमाला किती लोक आले हे मोजू नका, कामाला किती हात लागले ते मोजा.

या कसोटीवर आजचे आपले कार्यक्रम पाहिले तर चित्र काळजीचे आहे. पूर्वी वर्गणी गोळा होत असे. आता देणगीदार मिळतो. हिशेब साधा आहे. समजा, वस्तीत २०० घरे आहेत आणि प्रत्येकी १०० रुपये वर्गणी आहे. सर्व घरे फिरून २०,००० रुपये जमतात, त्याला दोन-तीन रविवार जातात आणि चार दारांवर बोलणीही खावी लागतात. उलट एखादा बिल्डर किंवा निवडणुकीस इच्छुक असलेला गृहस्थ एका बैठकीत ५०,००० रुपये देतो. त्याची अट एकच, फलकावर आपला फोटो मोठा असावा. कार्यकर्त्यांना वाटते, फेरी वाचली. पुढच्या वर्षी कोणी दार ठोठावीत नाही.

पण त्या फेरीत केवळ पैसे मिळत नव्हते. तिसऱ्या मजल्यावरील आजोबा पडून आहेत, हे त्या फेरीत कळत असे. मागच्या चाळीतील मुलगी बारावीला आहे आणि तिला अभ्यासाला जागा नाही, हेही तेव्हाच कळत असे. कोणाच्या नळाला चार दिवस पाणी नाही, कोणाच्या घरी नवे भाडेकरू आले आहेत, कोणाला समितीविषयी राग आहे, हे सर्व दारात उभे राहून ऐकावे लागत असे. ती वस्तीची खरी शिरगणती होती. आणि ज्याने १०० रुपये दिले तो शेवटी विचारीत असे, “हिशेब कधी देणार?” पैसा एकाचा असेल तर हिशेब विचारण्याचा अधिकारही एकाचाच उरतो. बाकीचे २०० जण प्रेक्षक होतात.

दुसरी गोष्ट आवाजाची. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातली आहे. मंडपांनी अडविलेले रस्ते आणि ध्वनिक्षेपकांचा त्रास याविरुद्ध ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निर्देश दिले. अशा वेळी आपण लगेच म्हणतो, “आमच्याच उत्सवावर डोळा का?” परंतु रात्रपाळी करून आलेला कामगार, उद्या परीक्षा असलेला विद्यार्थी, तान्हे मूल घेऊन बसलेली बाळंतीण, हे सर्व आपल्याच वस्तीतील आहेत. त्यांना विचारून कार्यक्रम ठरला असता तर कोणाला न्यायालयात जावे लागले नसते. सहभाग म्हणजे ज्याला त्रास होतो त्याचेही ठरविण्यात स्थान असणे.

आता कोणी म्हणेल, जयंती आणि क्रीडास्पर्धा यांवर इतका गंभीर विचार कशाला? त्याचे कारण सांगतो.

७४ व्या घटनादुरुस्तीचा अंमल १ जून १९९३ पासून सुरू झाला. तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. २००९ साली राज्याने महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. गावाला जशी ग्रामसभा, तशी शहरातील मतदारांना आपल्या भागाची सभा, अशी ती कल्पना. कायद्याच्या पुस्तकात ती आहे, पण आपल्यापैकी किती जण क्षेत्रसभेला जाऊन बसले आहेत? हात वर करावयास मी सांगत नाही. पुढे तर सभागृहच नव्हते. कल्याण-डोंबिवलीच्या नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि ठाण्याच्या नगरसेवकांची मार्च २०२२ मध्ये. त्यानंतर वर्षानुवर्षे निवडणूक न होता प्रशासकांचा कारभार चालला. त्या काळात गटार तुंबले तर कोणाच्या दारात जावयाचे, हे रहिवाशांना कळत नव्हते. ज्या वस्तीची समिती जिवंत होती तिचा अर्ज सर्वांच्या सह्यांनिशी गेला. जिची समिती वर्षातून एकदाच मंडप घालण्यापुरती होती, तेथे प्रत्येक जण एकटा होता.

संकटाच्या वेळी तर हे अधिकच जाणवते. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये भीषण स्फोट झाले, माणसे मेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. अशा प्रसंगी पहिल्या तासात मदतीला येतो तो शेजारी. कोणत्या घरात म्हातारी एकटी आहे, गाडी कोणाकडे आहे, परिचारिका कोणत्या इमारतीत राहते, ही माहिती त्या तासात गोळा करता येत नाही. ती आधीच असावी लागते. आणि ती जमते कार्यक्रमाच्या तयारीत, स्वयंसेवकांच्या यादीत, वर्गणीच्या वहीत.

कचऱ्याचेही तसेच. एप्रिल २०१५ मध्ये घनकचऱ्याच्या प्रश्नावरून मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली होती. आधारवाडीचा डोंगर काही एका दिवसात उभा राहिला नव्हता. प्रत्येक स्वयंपाकघरात ओले-सुके वेगळे झाले तरच असा डोंगर पुन्हा उभा राहणार नाही, आणि ते कोणत्याही आयुक्ताच्या आदेशाने होत नाही. शेजारणीने शेजारणीला सांगितले तर होते.

आपल्या परंपरेने याबाबत मार्ग दाखविलेला आहे. वज्जी गणराज्याची हानी होणार नाही याची कारणे सांगताना भगवान बुद्धांनी पहिल्यांदा त्यांच्या सभांचा उल्लेख केला. ते वारंवार जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात, हे त्यांचे बळ होते. सैन्याचा आणि कोषाचा उल्लेख त्यात नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खू संघाची आठवण दिली. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान यांचे नियम संघाला माहीत होते, हे त्यांनी देशाला सांगितले.

आणि आज आपली गणपूर्ती कशी असते? गृहनिर्माण संस्थेच्या उपविधीप्रमाणे सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी कमी असेल तेवढी उपस्थिती पुरते. अर्धा तास वाट पाहूनही तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे शंभर घरांच्या इमारतीचा कारभार सात माणसे ठरवू शकतात. नंतर उरलेले ९३ जण जिन्यात उभे राहून त्या सातांना नावे ठेवतात. कायद्याने ही सोय अडचणीसाठी ठेवली होती. आपण तिची सवय करून घेतली.

म्हणून काही सूचना करतो. वर्गणी लहान ठेवा, पण प्रत्येक दारी जा. ज्याला देणे शक्य नाही त्याच्याकडून एक तासाचे काम घ्या, त्याला यादीतून वगळू नका. मोठी देणगी आली तर घ्यावी, परंतु ती एकूण वर्गणीहून अधिक असू नये, असा ठराव करावा. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत जमाखर्च सूचना फलकावर लावावा, उरलेल्या रकमेसह. भाडेकरूंना परके मानू नका. पाणी त्यांनाही तेच येते.

भगिनींविषयी स्पष्ट बोलतो. २०११ पासून राज्यातील महापालिकांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. आपल्या समितीत किती आहेत? स्वयंपाक, रांगोळी आणि पाहुण्यांचे स्वागत त्यांच्याकडे, आणि ठराव व तिजोरी पुरुषांकडे, ही वाटणी बदलली पाहिजे. बैठक रात्री साडेनऊला ठेवावयाची आणि बायका येत नाहीत म्हणावयाचे, हे योग्य नाही. रविवारी दुपारी चार वाजता बोलवा आणि लहान मुलांना सांभाळण्याची पाळी पुरुषांनी घ्यावी.

तरुणांना खुर्च्या उचलण्यापुरते बोलावू नका. एका कार्यक्रमाची संपूर्ण जबाबदारी, पैशासह, त्यांच्याकडे द्या. चुकतील, शिकतील.

आणि शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक कार्यक्रमानंतरच्या रविवारी एक सभा घ्या. तिच्यापुढे दोनच विषय ठेवा. पहिला, हिशेब. दुसरा, वस्तीचा एखादाच प्रश्न. मग तो पाण्याच्या वेळेचा असो, बंद दिव्याचा असो किंवा धोकादायक इमारतीचा. त्या प्रश्नासाठी कोण, कोणत्या दिवशी, कोणत्या कार्यालयात जाणार, हे इतिवृत्तात नावानिशी लिहा. पुढच्या सभेत तेच इतिवृत्त वाचून दाखवा.

पहिल्या सभेला बारा जण येतील. निराश होऊ नका. वर्गणीच्या वहीतील नावे काढा आणि जे आले नाहीत त्यांच्या दारी पुन्हा जा. वहीतल्या नावांपैकी निम्मी माणसे जेव्हा सभेला येऊन बसतील, तेव्हा आपल्या समितीला वस्तीच्या नावाने बोलण्याचा अधिकार प्राप्त झाला असे मी समजेन.

 जयभीम! जय भारत!